सायकल पसंत करण्यापूर्वी ओझे लादून पाहा

चंदीगढचे रस्ते रुंद आणि जवळजवळ सपाट. ल कॉर्ब्युझिए यांनी या शहराचे रस्ते सात श्रेणींत विभागले आणि पुढे खास सायकलींसाठी आठवी श्रेणी जोडली. सायकलींच्या उद्योगाचे माहेरघर लुधियाना येथून अवघ्या शंभर किलोमीटरवर, तेव्हा दुकानांत निवडीला वावही भरपूर. पण लांबच्या प्रवासाची टूरिंग सायकल घेणारा नेमका याच सपाट रस्त्यांवर फसतो. दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या की कोणतीही नवी सायकल हलकीच वाटते.

सायकल घेतली जाते ती डोंगराकडे जायला. चंदीगढची उंची सुमारे ३२० मीटर, तर साठेक किलोमीटरवरचे कसौली १८०० मीटरच्याही वर. कालका, परवाणू मागे पडले की चढ पाठ सोडत नाही. त्यात मागे कपडे, पाणी, अवजारे असे बारा-पंधरा किलो सामान! मग चाचणी रिकाम्या सायकलवर कशासाठी?

घरून पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या न्याव्यात आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधाव्यात. मागची चौकट आखूड असेल तर पॅडल मारताना टाच पिशवीला लागते. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. उभे राहून पॅडल मारताना सायकल शेपटीसारखी डुलू लागली, तर ती सामानासाठी बनलेलीच नाही असे समजावे. अगदी हळू चालवत हँडल वळवावे. चपलेचे टोक पुढच्या चाकाला घासते का, तेही कळेल.

त्याआधी टायरमध्ये पुरेशी हवा भरून घ्यावी आणि सीटची उंची जुळवावी. खाली आलेल्या पॅडलवर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा. एवढे न करता चालवली तर चांगली सायकलही नापास व्हायची.

मग निदान एखाद्या पुलाचा चढ शोधावा. पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चक्री लावून, सीटवर बसूनच तो चढता यायला हवा. एवढ्याशा पुलावर गुडघे बोलू लागले तर कसौलीच्या वाटेवर काय होईल? उतरताना दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबावेत. लादलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते, हे घाटात समजण्यापेक्षा येथेच समजलेले बरे.

मनगटाला येणाऱ्या मुंग्या किंवा सीटचा त्रास दहा मिनिटांत जाणवत नाही, त्यासाठी तासभर तरी हवा. दुकानदार कुरकुर करील. अनामत रक्कम ठेवावी, सायकल सकाळी गर्दी नसताना मागावी. तरीही नकारच आला तर त्याच बनावटीची सायकल ओळखीच्या कुणाकडून एका रविवारसाठी मागून घ्यावी, नाहीतर सरळ दुसरे दुकान गाठावे.