अंजनेरीच्या बांधावरचा वसंत

गजपंथाची वंदना करून परतणारा यात्रेकरू त्र्यंबकच्या रस्त्याला सहसा वळत नाही. वळलाच, तर त्र्यंबकेश्वरच्या थोडे अलीकडे अंजनेरी गाव लागते. डोंगराच्या पायथ्याशी यादवकालीन मंदिरांचे भग्नावशेष विखुरलेले आहेत. त्यांतील एका जिनमंदिरात शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१ चा शिलालेख आहे. यादव राजा सेउणचंद्र याने भगवान चंद्रप्रभांच्या मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आढळते. जेथे एके काळी पेठ होती, तेथे आज भात-नागलीची खाचरे आहेत.

महावीर जयंतीच्या आदल्या आठवड्यात सासूबाई, माझा मुलगा आणि मी तेथे गेलो. मुलाच्या डोक्यात एकच फूल होते, अंजनेरीचे कंदीलपुष्प. या डोंगराचेच नाव घेऊन ही जाती २००६ साली वनस्पतिशास्त्रात नोंदली गेली, आणि अशा दुर्मीळ वनस्पतींसाठी २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मात्र चैत्रात ही वनस्पती जमिनीखाली कंदरूपाने निद्रिस्त असते. हे मला ठाऊक होते. मुलाला मुद्दामच सांगितले नव्हते, नाहीतर तो आलाच नसता.

वसंत होता तो बांधांवर. पळसाचा बहर ओसरत आलेला, करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी फुले, आणि अंजनीच्या फांद्यांना बिलगलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस. मोहाखाली एक वृद्ध शेतकरीणबाई पहाटे गळालेली फुले टोपलीत वेचीत होती. मोहाचे फूल तोडावे लागत नाही, ते आपणहून खाली येते. सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी एक फूल उचलून हुंगले आणि परत टोपलीत ठेवले. त्या फुलांची दारूही गाळतात, हे मी त्या क्षणी काढले नाही.

पण त्याच बांधावरच्या ऐनांचे माथे छाटलेले होते. त्या फांद्या, पाला आणि शेणाचा थर देऊन खाचराच्या कोपऱ्यात राब रचून ठेवला होता. येथे रोपे टाकण्यापूर्वी वाफा असा भाजून काढतात. तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते.

“अहो, त्यात किती जीव जळत असतील!” सासूबाईंच्या तोंडून निघून गेले.

“जळत्यात ना, आजी,” ती म्हणाली. “पण नाय भाजलं तर तण माजतं, रोप पिवळं पडतं. मग वर्षभर खायचं काय?”

सासूबाई गप्प झाल्या. मलाही उत्तर सुचले नाही. आमच्या ताटातला भात कोणत्या वाफ्यातून येतो, याची चौकशी आम्ही कधी केली होती?

थोड्या वेळाने तिनेच आम्हांला पलीकडच्या बांधावर नेले. तेथे गिरिपुष्पाची झाडे फिक्या गुलाबी फुलोऱ्याने लवली होती. झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. रानफुलांच्या अभ्यासकांना ते फारसे भावत नाही. परंतु चारसूत्री भातलागवडीत त्याचा हिरवा पाला चिखलात गाडतात, आणि रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तिच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी या तुकड्यावर तसे करून पाहिले. तेव्हापासून येथे राब पेटलेला नाही आणि या बाजूच्या ऐनांना कोयता लागलेला नाही. त्यांच्या फांद्या आता चांगल्या पसरल्या होत्या.

“मग तिकडेही असेच का करीत नाही?” मी विचारले.

“तिकडची जमीन दिराची हाय, ताई. त्यानं आमचं पीक दोन पावसाळे पाहिलं. औंदा म्हणतो, काड्या दे थोड्या.”

छाटून ठेवलेल्या काड्यांची एक मोळी गिरिपुष्पाच्या बुंध्याशी बांधून तयार होती. मुलगा तोवर वाळलेल्या गवतात वाकून काहीतरी शोधीत होता. “श्रावण सरताना ये,” ती त्याला म्हणाली, “तवा कंदील दिसतील. आत्ता पाय तेवढा जपून टाक.”