जूनच्या काविळीचे मूळ मेच्या टाकीत

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या तरी लातूरसारख्या शिक्षणाच्या गावातील वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत. काही मुले प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी थांबतात, काही पुढच्या वर्षाच्या शिकवणीसाठी उन्हाळ्यातच येऊन दाखल होतात. जूनमध्ये बाकीची मंडळी परततात. मग महिन्याभरात काविळीचे, विषमज्वराचे, डेंग्यूचे आणि खरजेचे रुग्ण दवाखान्यात दिसू लागतात. 'पावसाळा लागला की साथ येतेच' असे म्हणून आपण मोकळे होतो. पावसाचा त्यात वाटा असतोच. परंतु यातील बऱ्याच आजारांचे बी उन्हाळ्यातच पडलेले असते.

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या 'अ' प्रकारच्या काविळीत हा काळ सुमारे दोन ते सात आठवडे, 'ई' प्रकारच्या काविळीत दोन ते दहा आठवडे, तर विषमज्वरात साधारणपणे एक ते तीन आठवडे असतो. म्हणजे मेच्या अखेरीस प्यायलेल्या घाण पाण्याची कावीळ जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये डोळ्यांत दिसते. तोपर्यंत मुलाने वसतिगृह बदललेले असते आणि दोष नव्या मेसला लागतो.

दिल्लीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेवरील जलकेंद्रात गटाराचे पाणी शिरले. काविळीची मोठी साथ मात्र डिसेंबर-जानेवारीत दिसली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही 'ई' प्रकारची कावीळ होती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून पुढे पंचवीस वर्षांनी कळले.

उन्हाळ्यात पाणी का बिघडते?

मराठवाड्याला टंचाई नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला रोज पाणी येत नसेल, तेव्हा मधल्या काळात जलवाहिनी रिकामी राहते. ती कोठे फुटलेली असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर ते पाणी आत शोषले जाते. म्हणून नळ सुटल्यावर पहिले काही वेळ येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतून आले, हे बहुधा कोणी विचारत नाही. टाकी तळाला गेली की वर्षभराचा गाळ ढवळून नळाला येतो.

जारच्या पाण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गारव्याने हे जंतू मरत नाहीत. बर्फाचेही तसेच, रसवंतीतील आणि सरबताच्या गाडीवरील बर्फ ज्या पाण्याचा, त्याच पाण्याचे जंतू त्यात असतात.

टाकी कशी धुवावी?

वसतिगृह सुरू होण्यापूर्वी गच्चीवरची टाकी आणि जमिनीतला हौद दोन्ही रिकामे करून गाळ काढावा. तळ आणि भिंती ब्रशने घासाव्यात, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवाव्यात आणि ते पाणी सोडून द्यावे. बंद हौदात एकट्याने उतरू नये. आत प्राणवायू कमी असू शकतो. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर माणूस उभा करावा.

नंतर दर वेळी टाकी भरल्यावर स्वच्छ दिसणाऱ्या १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती थेट टाकीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, पाणी वाढवून दहा मिनिटे निवळू द्यावी. वरची निवळी टाकीत ओतावी, खालचा चोथा फेकून द्यावा. तासाभराने पाणी वापरावे. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी होते. पाणी गढूळ असेल तर मात्रा आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी.

विद्यार्थ्याच्या हातात टाकी नसते, परंतु स्वतःचे पिण्याचे पाणी असते. ते खळखळून पाच मिनिटे उकळावे, झाकून गार करावे आणि त्यात ग्लास न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे. 'अ' प्रकारच्या काविळीची आणि विषमज्वराची लस मिळते. लहानपणी 'अ' प्रकारची कावीळ बहुधा सौम्य असते, वाढत्या वयात ती अधिक त्रास देते. घरी स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या मुलाने बाहेर राहायला जाण्यापूर्वी काही आठवडे आपल्या डॉक्टरांशी लसीबद्दल बोलावे.

कूलर आणि गादी

डेंग्यूचा डास कूलरच्या टाकीत, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर अंडी घालतो. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासून पुसावा. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. जूनमध्ये कूलर गच्चीवर टाकताना तो कोरडा आणि झाकलेला असावा.

कॉट बेसिसच्या खोलीत दुसऱ्याची गादी वाट्याला येते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो, म्हणून आठवडाभर वापरात नसलेल्या गादीची भीती नाही. आदल्या दिवशीपर्यंत कोणी झोपत असेल, तर चार दिवस ती वेगळी ठेवून उन्हे द्यावीत. चादर, टॉवेल आपलेच वापरावेत. पहिल्यांदा खरूज होताना खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात ती साऱ्या खोलीत पसरलेली असते. त्यामुळे खाज नसली तरी खोलीतील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे, नाहीतर ती फिरत राहते.

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी

दुपारी बारा ते चार पत्र्याखाली अभ्यास करू नये, वाचनालय गाठावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम फार येत असेल किंवा जुलाब होत असतील, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे. ताप १०४ अंशांवर गेला आणि मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालत त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

कावीळ झालीच तर

भूक मरणे, मळमळ, अंग मोडून येणे आणि गडद पिवळी लघवी ही पहिली लक्षणे. बहुतेक रुग्ण विश्रांती आणि साध्या आहाराने काही आठवड्यांत बरे होतात. हळद बंद करण्याची गरज नाही. माळ घालून कावीळ उतरत नाही. ती मुळात आपोआप उतरणारी असते आणि श्रेय माळेला मिळते. मनाने कोणतीही गोळी किंवा पाला घेऊ नये, यकृतावर भार पडतो. उलट्या थांबत नसतील, रुग्ण गुंगीत जात असेल, बरळत असेल किंवा कोठून रक्त येत असेल, तर घरी गाडीने नेण्यात वेळ न घालवता जवळच्या मोठ्या रुग्णालयात दाखल करावे. एका वसतिगृहात दोन रुग्ण निघाले तरी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे.

पालकहो, खोली पाहायला जाल तेव्हा भाडे आणि शिकवणीचे अंतर विचारताच. त्याबरोबर टाकी शेवटची कधी धुतली, पाणी कोठून येते आणि हौदापासून गटार व शोषखड्डा किती लांब आहे, हेही विचारा. घरमालकाची परवानगी घेऊन एकदा टाकीचे झाकण उघडून पाहा. तो परवानगी देत नसेल, तर दुसरी खोली शोधायला मे महिन्यात अजून वेळ असतो.