पोळीचा हिशेब

पहाटेचे सव्वापाच. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या सायकलीखेरीज काही हलत नाही. वहिनींच्या गाळ्याचे शटर मात्र गुडघाभर वर आहे. फटीतून उजेडाची पट्टी रस्त्यावर पडली आहे आणि आत कणीक तिंबल्याचा धप् धप् आवाज चालू आहे. मी वाकून आत शिरतो.

"भावजी, चपला बाहेरच. आणि त्या रेघेच्या अलीकडे उभे राहा."

फरशीवर खडूची रेघ आहे. दहा बाय बाराचा गाळा. रेघेच्या पलीकडे वहिनी आणि दोन मावशी, अलीकडे गिऱ्हाईक आणि माझ्यासारखे बघे. कट्ट्यावर सगळे एका ओळीत आहे: डावीकडे परात, मग पोळपाट, मग तवा, मग सुती फडके अंथरलेली दुरडी, शेवटी मोजणीचा ओटा. कणीक डावीकडून निघते आणि पोळी होऊन उजवीकडे पोचते. मधे कोणी कोणाला ओलांडत नाही. पिठीचा डबा मोठ्या मावशींच्या डाव्या हाताशी आहे. पहिल्या महिन्यात तो दारामागे होता आणि दर थोड्या वेळाने मावशींना लाटणे ठेवून तिकडे जावे लागे. वहिनींनी दोन दिवस नुसते उभे राहून त्या फेऱ्या मोजल्या आणि डबा हलवला. तेवढ्याने पोळ्यांचे काम पाऊण तास आधी उरकू लागले. एक पैसा खर्च न करता केलेली ही सुधारणा मला फार मोठी वाटते.

आज 8 किलो कणीक. किलोला 40 पोळ्या, म्हणजे 320. मावशींचा उंडा हातातून सुटतो तो एकाच मापाचा. तरी वहिनी दर सकाळी पहिले पाच उंडे काट्यावर ठेवून बघतात.

सहाला वहिनींचा मुलगा मंडईतून येतो. मेथी, दोडकी, कोथिंबीर. कांदे-बटाटे आठवड्यातून दोनदा मार्केट यार्डातून येतात. तो पिशव्या उतरवतो आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बघतो. फळ्यावर आजचे आकडे आहेत: डबे 38, त्यातले बिनकांदालसणाचे 6. डबे बहुतेक स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींचे. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी ही पोरे; उद्या डबा नको असेल तर रात्री नऊच्या आत कळवायचे, हा नियम त्यांना पाठ आहे. डब्यांच्या झाकणांवर ऑइलपेंटचे ठिपके आहेत. निळा ठिपका दिसला की त्या डब्यात लसणीची फोडणी जात नाही.

फळ्याच्या वर चौकटी टांगल्या आहेत. शॉप अॅक्टचा कागद, अन्ननोंदणीचा 14 आकडी क्रमांक, काट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र. लघुउद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीसाठी एका दलालाने दोन हजार मागितले होते. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, हे मुलाने शोधून काढले आणि मोबाईलवरच ती केली. कोपऱ्यात 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आहे. घरचा लाल सिलिंडर धंद्याला लावला असता तर स्वस्त पडले असते, पण ते बेकायदा आहे, आणि वहिनींना दारात कोणी आल्यावर छातीत धडधड नको आहे.

साडेदहाला थोडी उसंत मिळते. वहिनी हात पुसतात, लाल कापडी बांधणीची वही काढतात आणि पहिल्या महिन्याचे पान माझ्यापुढे धरतात.

"हे वाचा. असा चालला होता माझा धंदा."

एका पोळीचा हिशेब आहे. कणीक दळणासकट 1.15. तेल 40 पैसे. गॅस 60 पैसे. लाटणावळ 2 रुपये. भाडे-वीज 1.20. कागद-पिशवी 20 पैसे. एकूण 5.55. विक्री 6 रुपये. म्हणजे पोळीमागे 45 पैसे सुटतात.

"मी खूश होते," त्या म्हणतात. "आणि महिनाअखेरीला हातात काही नाही. पहाटे चारला उठणारी बाई या हिशेबात कुठेच नाही, हे मला तिसऱ्या महिन्यात दिसले."

पुढच्या पानावर एक ओळ वाढली आहे: माझी मजुरी, दिवसाला 600, त्यातली निम्मी पोळ्यांवर, निम्मी भाजी-डब्यांवर. पोळीमागे 95 पैसे धरले आणि आकडा साडेसहावर गेला. इतके दिवस त्या दर पोळीला पन्नास पैसे पदरचे घालत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाव 8 केला. चार गिऱ्हाइके तुटली. बाकीची राहिली.

माझी आई दिवाळीत चकल्या करून विकायची. भाजणी, तेल, रॉकेल यांचे पैसे ती चोख धरायची. सोऱ्या दाबून दाबून तिचे मनगट सुजायचे. त्या मनगटाचे पैसे तिने कधी धरले नाहीत आणि आम्ही घरच्यांनी कधी विचारले नाही. वहिनींची वही हातात असताना मला ते मनगट दिसते आहे.

खानावळ चालवणाऱ्या बाईचा हिशेब आपल्याकडे फार उशिरा मांडला गेला. 1975 साली प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते कामगारांना जेवू घालणाऱ्या आणि स्वतः कर्जाच्या व्याजात पिळून निघणाऱ्या बायकांसाठी. त्यांना बँकेची दारे उघडून देणे हे मंडळाचे मोठे काम. पुढे त्यांच्या कन्या मेधा पुरव सामंत यांनी 1993 मध्ये पुण्यातल्या वस्त्यांत छोट्या कर्जांचे काम सुरू केले. वहिनींनीही सरकारच्या मुद्रा योजनेतले 'शिशु' कर्ज काढले आहे, ज्याची मर्यादा 50 हजार. पण नुसत्या कर्जाने त्या तरल्या नसत्या. दुसऱ्या पानावरच्या त्या एका ओळीने तरल्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

अकराला गर्दी उसळते. पैसे जमा झाल्याचे सांगणारी डबी एकसारखी बोलत राहते. ते पैसे दुकानाच्या खात्यात जातात. घरचे खाते वेगळे. एक गृहस्थ येऊन शंभर डब्यांची रोजची ऑर्डर देऊ करतात, पैसे दीड महिन्याने. कायद्यानेही छोट्या उद्योजकाचे पैसे 45 दिवसांपर्यंत थांबवता येतात, हे ते सांगतात.

"दादा, मेथीवाली मला 45 दिवस थांबेल का?" वहिनी विचारतात. "वीस डबे घ्या, दर शनिवारी पैसे द्या."

गृहस्थ विचार करून सांगतो म्हणतात आणि जातात. वहिनी पुढच्या गिऱ्हाइकाच्या पोळ्या मोजू लागतात.

सव्वादोन. शटर पुन्हा निम्मे खाली. दुरडीत सात पोळ्या उरल्या आहेत. तो आकडाही वहीत जातो. रोकड मोजली जाते. उद्याच्या भाजीचे, गॅसचे, भाड्याचे, मावशींचे पैसे वेगवेगळ्या लिफाफ्यांत. मग 'माझी मजुरी' लिहून वहिनी शंभराच्या सहा नोटा एका छोट्या कापडी पाकिटात घालतात.

"आई, गल्ल्यातले दोनशे देतेस? मोबाईलचे रिचार्ज संपले आहे," मुलगा म्हणतो.

वहिनी गल्ल्याला कुलूप लावतात. पाकीट उघडतात आणि त्यातले दोनशे त्याच्या हातावर ठेवतात. पाकिटात आता चारशे आहेत.