जुनी काचेची भांडी विकायची, पण नेमकं काय म्हणून विकायची?



जुन्या वस्तूंच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी प्रेक्षकांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "इथे थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जुनं पायरेक्स पाच-सात डॉलरला मिळतं, ऑनलाइन तेच शंभराला दिसतं. घेऊन विकू का?" इकडूनही काही जण विचारतात, मावशीने तिकडून आणलेला कॉर्निंगचा सेट माळ्यावर पडून आहे, त्याचं काही होईल का?

होईल. पण त्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्ही गिऱ्हाइकाला "यात शिजवा" असं सांगणार आहात, की "हे कपाटात मांडा" असं? भांडं तेच, पण धंद्याच्या नजरेने हे दोन वेगळे माल आहेत. किंमत वेगळी, गिऱ्हाईक वेगळं आणि जबाबदारी तर फारच वेगळी. हा फरक न कळता माल भरलात, तर एक तर पैसे अडकतील, नाहीतर कुणाच्या तरी ओव्हनमध्ये काच फुटेल.

सगळी काच एक नसते

थोडा इतिहास बघू, कारण किंमत त्यातूनच येते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग ग्लास वर्क्स या कंपनीने रेल्वेच्या कंदिलांसाठी एक काच बनवली होती. आतून तापलेली आणि बाहेरून पावसाने भिजलेली, तरी तडकू नये अशी. 1913 मध्ये तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी अशाच काचेच्या बॅटरीच्या बरणीचा तळ कापून घरी नेला आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजला. 1915 मध्ये पायरेक्स बाजारात आलं. ही बोरोसिलिकेट काच. साध्या सोडा-लाइम काचेच्या मानाने ती तापल्यावर साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून एकदम गरम-थंड झालं तरी सहन करते. आपल्याकडचं बोरोसिल हे नाव याच काचेवरून आलं, आणि 1962 साली ती कंपनी सुरू झाली तीही याच कॉर्निंगच्या सहकार्याने.

आता गंमत बघा. लोक सर्रास सांगतात, "जुनं पायरेक्स म्हणजे बोरोसिलिकेट, बिनधास्त वापरा." अर्धवट माहिती आहे ही. पारदर्शक जुन्या भांड्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी. पण ज्यांना खरी मागणी आहे ते रंगीत, नक्षीवाले वाडगे (1947 साली पिवळा, हिरवा, लाल, निळा असा चार वाडग्यांचा संच आला, तिथून पुढे 1980 च्या दशकापर्यंत) हे दुधी काचेचे आहेत. ही वेगळी काच. पाणी देऊन, म्हणजे टेम्पर करून, मजबूत केलेली. ती गॅसवर चालत नाही आणि फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालायचीही नाही.

दुसरा गैरसमज शिक्क्याचा. मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव असेल तर चांगली काच, लहान अक्षरांत असेल तर हलकी, असं इंटरनेटवर ठामपणे लिहिलेलं सापडेल. त्यावर माल घेऊ नका. दुधी वाडग्यांवरही मोठी अक्षरं आहेतच की! शिक्क्यावरून काळाचा अंदाज येतो, काचेची हमी मिळत नाही. पारदर्शक भांडं असेल तर कडेने आडवं बघा. कडेला हिरवट-निळसर झाक दिसली तर बहुधा सोडा-लाइम.

आणि सोडा-लाइम म्हणजे टाकाऊ, असंही समजू नका. अमेरिकेत आज मिळणारं पारदर्शक पायरेक्स टेम्पर केलेल्या सोडा-लाइमचंच आहे. ते हातातून पडलं तर जास्त टिकतं, अचानक उष्णतेला मात्र कमी टिकतं. काचतज्ज्ञांच्या गणिताप्रमाणे सोडा-लाइमला साधारण 55 अंश सेल्सिअसचा अचानक फरक धोक्याचा ठरू शकतो, बोरोसिलिकेट सुमारे 180 अंशांपर्यंत तग धरते. रोजच्या भाषेत सांगायचं तर गरम डिश ओल्या ओट्यावर ठेवली की खेळ संपला.

एक उलटं उदाहरणही आहे, जिथे जुनंच सरस. कॉर्निंगवेअर. पांढरं भांडं, बाजूला तीन निळी फुलं, अमेरिकेतल्या घराघरांत होतं. डॉन स्टूकी या कॉर्निंगच्याच शास्त्रज्ञाच्या हातून 1953 मध्ये भट्टी चुकून जास्त तापली आणि काचेतून सिरॅमिकसारखा एक नवा पदार्थ तयार झाला, त्याचं नाव पायरोसेरॅम. 1958 पासून त्याची भांडी आली. ती थेट शेगडीवर चालतात. पण 1990 च्या दशकाच्या अखेरीस धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि त्याच नावाने साधी चिनीमातीची भांडी येऊ लागली. ती शेगडीवर ठेवली तर फुटतात. नाव एक, वस्तू दोन! म्हणून विकण्याआधी भांडं उलटं करा, तळावर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याचा स्पष्ट फोटो जाहिरातीत टाका.

कॉर्निंगवेअरची कॉफीची विजेवरची किटली दिसली तर मात्र हात लावू नका. पट्टी आणि मूठ निसटून उकळती कॉफी अंगावर सांडायची, म्हणून 1970 च्या दशकात कंपनीने त्या परत मागवल्या होत्या. काही अजून जुन्या बाजारात फिरतायत.

रंगात काय आहे?

इथे जरा थांबून वाचा. जुन्या नक्षीदार भांड्यांवरच्या भाजलेल्या रंगात शिसं आणि कॅडमियम असायचं. त्या काळी सगळा उद्योगच तसे रंग वापरायचा. पायरेक्सच्या वाडग्यांना हा रंग बाहेरच्या बाजूने असतो, आतली पांढरी काच कोरी. त्यामुळे अन्नाचा थेट संबंध कमी येतो. पण रंग झिजला, खडूसारखी भुकटी हाताला लागायला लागली, की तो हातावरून ताटात यायला वेळ लागत नाही. ताटल्यांचं प्रकरण आणखी अवघड, कारण तिथे नक्षी जेवणाच्याच बाजूला असते. कॉरेलने 2022 मध्ये स्वतःच सांगितलं की 2005 च्या आधीच्या ताटल्या शोभेसाठी वापराव्यात.

रंगात शिसं असणं आणि ते अन्नात उतरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. पण तुम्ही दुकानदार आहात, प्रयोगशाळा नाही. घरी वापरायच्या रंग बदलणाऱ्या चाचणीपट्ट्या अशा भाजलेल्या रंगावर भरवशाच्या नसतात. एक्स-रेवर चालणारं यंत्र शिशाचं प्रमाण दाखवतं, पण प्रत्येक वाडग्यामागे तो खर्च परवडत नाही. आणि लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. नक्षीचं भांडं 'शोभेचं, संग्रहासाठी' म्हणूनच विका. नक्षी नसलेलं पारदर्शक भांडं आणि अस्सल पायरोसेरॅम 'वापराचं' म्हणून विका, तेही नीट तपासून. आईने त्यातच वाढलं होतं, आम्हाला काही झालं नाही, असं गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू दे. तुमच्या जाहिरातीत काय लिहिलंय, ते तुमच्या हातात आहे.

तपासणी कशी करायची? काठावरून नख फिरवा, टवका उडाला असेल तर नख अडकतं. अंधारात बॅटरी धरून आतला भाग बघा, बारीक तडा चमकतो. टेम्पर केलेल्या काचेवर धातूच्या चमच्याचे खोल चरे असतील तर ते भांडं पुढे कधीतरी, काही कारण न दिसता फुटू शकतं. टवका, तडा किंवा खोल चरा, यातलं काहीही असेल तर शिजवण्यासाठी विकायचं नाही म्हणजे नाही.

शंभर डॉलर कुणी दिले?

एट्सीवर कॉर्निंगवेअरचा भाज्यांच्या चित्रांचा स्पाइस ओ' लाइफ नमुना काही जणांनी हजारो डॉलर्सना लावलेला दिसेल. त्यावरून बातम्याही झाल्या आणि लोक आजीची कपाटं उघडून बसले. मंडळी, लावलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. हा नमुना 1970 च्या दशकापासून भरपूर बनला, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये सहज मिळतो आणि प्रत्यक्षात थोडक्या डॉलर्सनाच जातो. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावा, खरोखर किती पैसे हातात पडले ते दिसेल. मंडईत भाव फळीवर लिहिलेला वेगळा आणि पिशवीत पडताना वेगळा असतो, तसंच आहे हे.

हजारांच्या घरात गेलेली पायरेक्सची भांडी आहेत, नाही असं नाही. 1959 चं छोट्या हृदयांचं आणि हिरव्या पानांचं लकी इन लव्ह हे त्यातलं प्रसिद्ध. पण ते फारच थोडं बनलं होतं. त्याच्या आशेवर धंदा उभा करू नका. रोजचा धंदा बटरप्रिंट, गूजबेरी यांसारख्या ओळखीच्या नमुन्यांवर चालतो. नमुना ओळखायला कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लासची पायरेक्स नमुन्यांची ऑनलाइन यादी आहे, फुकट आहे, ती वापरा. वाडग्याच्या तळावरचा आकडाही बघा. पहिल्या चार रंगांच्या संचात 401 ते 404 असे आकडे आहेत, त्यावरून कुठला वाडगा कमी आहे ते लगेच कळतं. सुटे वाडगे गोळा करून पूर्ण संच जुळवणं, ही या धंद्यातली सगळ्यात शहाणी मेहनत, कारण संचाला सुट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त मिळतात.

किंमत मारणारा मोठा शत्रू म्हणजे डिशवॉशर. त्यात धुतलेल्या भांड्याची चकाकी जाते आणि रंग फिका, पांढुरका होतो. ही चकाकी परत आणता येत नाही. संग्राहक असा वाडगा हातात घेऊन लगेच खाली ठेवतो.

आता हिशेब. समजा वाडगा 8 डॉलरला घेतला, 40 ला विकला. साईटचं कमिशन 13 टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे सव्वापाच डॉलर गेले. खोका, बबल रॅप, टेप यांचे 4 धरा. पाठवणावळ गिऱ्हाइकाकडून घेतलीत तर हातात साधारण 23 राहतात. मोफत डिलिव्हरी लिहून बसलात तर काच जड असते, 12-15 डॉलर तिथेच जातात. त्यात दहापैकी एक वाडगा वाटेत फुटला तर पुढच्या दोन विक्रींचा नफा गेला.

म्हणून पॅकिंगमध्ये कंजुषी नको. वाडगे एकात एक घालून पाठवायचे नाहीत, हादऱ्याने एकमेकांवर घासून फुटतात. प्रत्येक वेगळा गुंडाळा, झाकण वेगळं, एका खोक्यात भरून तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे चारही बाजूंना दोन-तीन इंच कागद. बंद करून हलवून बघा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा.