गायनवृंदातल्या मुलाचा आवाज बसतो तेव्हा: नाताळच्या कार्यक्रमाआधी पालकांनी काय पाहावे?

“डॉक्टर, वीस तारखेला तिचा कार्यक्रम आहे. तोपर्यंत आवाज मोकळा होईल ना?”

डिसेंबर उजाडला की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांची संख्या वाढते. मुंबई, वसई, पुणे, गोवा, सगळीकडे याच दिवसांत शाळांमध्ये आणि चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांचे कार्यक्रम असतात. त्याला जोडूनच शाळांची स्नेहसंमेलने आणि २६ जानेवारीची समूहगीते येतात. मूल दोन-तीन महिने गायनवृंदात, म्हणजेच क्वायरमध्ये, मन लावून तालीम करते आणि नेमका कार्यक्रम जवळ आला की आवाज घोगरा होतो.

अशा वेळी कार्यक्रमाला किती दिवस उरले, हे सगळे मोजतात. डॉक्टर मात्र आधी विचारतात, “आवाज किती दिवसांपासून बसला आहे?” पुढे काय करायचे, हे बरेचसे या उत्तरावर ठरते.

मुलांचे स्वरयंत्र मोठ्यांपेक्षा वेगळे कसे?

गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. त्यात दोन मऊ पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वास बाहेर येताना त्या एकमेकींवर आपटून थरथरतात आणि आवाज तयार होतो. नवजात बाळात या पट्ट्या जेमतेम ३ मिलिमीटर लांब असतात. प्रौढ स्त्रीमध्ये त्या साधारण ११ ते १५ आणि प्रौढ पुरुषात १७ ते २१ मिलिमीटर असतात.

पट्टी जितकी आखूड, तितकी कंपने जास्त. साधे बोलतानाही आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २५० ते ३०० वेळा थरथरतात. म्हणजे एका मिनिटाच्या सलग आवाजात पंधरा ते अठरा हजार वेळा. निरोगी स्वरतंतू हे काम सहज पेलतात. पण ते सुजलेले असताना जोर लावला तर प्रत्येक आघाताने सूज वाढत जाते.

गाण्यामुळे आवाज खराब होतो का?

बहुतेक वेळा नाही. योग्य पट्टीत, जोर न लावता, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली गाणे मुलांच्या आवाजाला हानिकारक नसते. श्वास कसा घ्यावा आणि न ओरडता आवाज कसा पोहोचवावा, हे मूल तिथेच शिकते.

त्रास बहुधा दिवसाच्या बाकीच्या वेळात होत असतो. तुमच्या मुलाचा एक दिवस आठवून पाहा. स्कूल बसच्या गोंगाटात गप्पा, मधल्या सुट्टीत आरडाओरडा, संध्याकाळी मैदानावर हाका, घरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत संभाषण, टीव्हीच्या आवाजावरून भांडण. थकलेला गळा त्यानंतर तालमीला जातो.

मग बिघाड गाताना का लक्षात येतो? कारण वरचा स्वर हळू आवाजात लावण्यासाठी स्वरतंतू अगदी नीट जुळावे लागतात. थोडी सूज असली तरी बोलणे भागते, पण नाजूक वरचा स्वर लागत नाही किंवा त्यात हवा मिसळते. त्यामुळे “पूर्वी सहज लागणारा स्वर आता लागत नाही” अशी शिक्षकांची तक्रार आली, तर ती सूचना समजावी. “रियाज वाढव” असे सांगून ती उडवून लावू नये.

आवाज बसण्याची नेहमीची कारणे

सर्दी-खोकला. विषाणूमुळे स्वरयंत्राला सूज येते. आवाज साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत सुधारतो. अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

स्वरतंतूंवरचे घट्टे. सतत एकाच जागी घासल्याने हाताला घट्टे पडतात, तसेच सततच्या आघाताने दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान उंचवटे येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याला ‘व्होकल नोड्यूल’ असे लिहिलेले असते. काही पालक याला गाठ समजून घाबरतात. हे घट्टे कर्करोगाचे नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही. लहान वयात ते मुलग्यांमध्ये जास्त आढळतात.

इतर कारणे. ॲलर्जी, पोटातले आम्ल घशाशी येणे, सतत खाकरण्याची सवय. क्वचित स्वरयंत्रात विषाणूमुळे चामखिळीसारखी वाढ होते. यात आवाज हळूहळू बिघडत जातो आणि पुढे श्वासालाही अडथळा येऊ शकतो. म्हणूनच लांबलेला घोगरेपणा तपासल्याशिवाय सोडू नये.

किती दिवस वाट पाहावी?

सर्दीनंतर बसलेला आवाज दिवसागणिक सुधारत असेल तर काळजीचे कारण नाही. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा राहिला, किंवा सर्दी नसताना आवाज पुन्हा पुन्हा बसत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. “त्याचा आवाज आधीपासूनच असा आहे” असे म्हणून अनेक मुले दोन-दोन वर्षे तशीच राहतात.

तपासणीत नाकातून एक बारीक, लवचिक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतात. आधी नाकात बधिर करणारे औषध सोडतात. लहान मूल आई-बाबांच्या मांडीवर बसते, डॉक्टर त्याला “ई” म्हणायला लावतात आणि दोन-चार मिनिटांत तपासणी संपते. थोडे विचित्र वाटते, पण सहसा दुखत नाही. घरी हे आधीच खरे खरे सांगून ठेवले तर मूल सहकार्य करते.

घट्टे निघाले तर पहिला उपचार म्हणजे व्हॉइस थेरपी. स्पीच थेरपिस्ट मुलाला ताण न देता आवाज वापरायला शिकवतात. फरक पडायला काही आठवडे ते काही महिने लागतात. शस्त्रक्रियेची गरज मुलांमध्ये क्वचितच पडते. वयात येताना, विशेषतः मुलग्यांमध्ये, हे घट्टे अनेकदा आपोआप विरतात. गाणे कायमचे सोडावे लागत नाही. थेरपिस्ट आणि गायनशिक्षक मिळून किती आणि कोणत्या पट्टीत गायचे, हे ठरवतात. मात्र दहा दिवसांवर आलेल्या कार्यक्रमासाठी घट्टे घालवणारे कोणतेही औषध नाही, हे पालकांनी मान्य करायला हवे.

ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात आवाज बसला तर

हे करा:

- गाण्याला दोन-तीन दिवस विश्रांती द्या. गरजेपुरते, सावकाश आणि नेहमीच्या स्वरात बोलू द्या.
- दिवसभर थोडे थोडे पाणी प्यायला द्या. रात्रीची झोप पुरी होऊ द्या.
- खोकला असेल तर एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध देता येतो.
- शिक्षकांना लगेच कळवा. एकल गाण्याची ओळ असेल तर दुसऱ्या मुलाची तयारी करून घ्यायला त्यांना वेळ मिळेल.

हे टाळा:

- कुजबुजणे. जोर लावून कुजबुजताना गळ्यावर उलट ताण येऊ शकतो.
- उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ घेणे. भांडे कलंडून मुले गंभीर भाजतात. वाफ आवश्यकच वाटली तर गरम पाण्याचा शॉवर सोडून बंद न्हाणीघरात मुलासोबत थोडा वेळ बसा.
- गुळण्यांवर भिस्त. मिठाच्या पाण्याने घशाला आराम वाटतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही.
- “एक इंजेक्शन द्या, आजच्यापुरते गाऊ दे” असा आग्रह. स्टिरॉइडने सूज तात्पुरती उतरली तरी इजा झालेल्या स्वरतंतूंवर पुन्हा ताण पडतो.
- ॲस्पिरिन. विषाणूजन्य तापात मुलांना ते देऊ नये. तापासाठी पॅरासिटॅमॉल वजनानुसार, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या.

कार्यक्रमाच्या दिवशीही आवाज घोगरा असेल तर मुलाला घरी ठेवायलाच हवे असे नाही. ताप नसेल आणि ते बरे वाटत असेल, तर त्याला गणवेशात रांगेत उभे राहू द्या. ते न गाता ओठ हलवेल, घंटी वाजवेल, ताल धरेल. तीस मुलांच्या गाण्यात एक आवाज कमी झाल्याने गाणे अडत नाही. पण तीन महिने तालीम केलेल्या मुलाला ऐनवेळी वगळले तर ते त्याच्या मनात राहते.

मुलग्याचा कंठ फुटताना

बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, कंठमणी दिसू लागतो आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. या काळात गाता गाता आवाज अचानक चिरकतो. तो आजार नव्हे. मुलींचा आवाजही थोडा उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते.

व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायनवृंदात वाढलेल्या योसेफ हायडनला कंठ फुटल्यावर, १७४९ च्या सुमारास, तिथून बाहेर पडावे लागले होते. आज तसे करण्याचे कारण नाही. शिक्षकांनी त्याला खालच्या स्वरांची ओळ द्यावी, जुनी वरची ओळ ओढून गायला लावू नये. घरी त्याच्या आवाजाची नक्कल करून हसू नये. कित्येक मुलगे या हसण्यापायी गाणे सोडतात. वयात येण्याची बाकीची लक्षणे दिसून बराच काळ लोटला तरी आवाज बारीकच राहिला, तर तज्ज्ञांना दाखवा. त्यावर व्हॉइस थेरपीचा चांगला उपयोग होतो.

दमा असेल तर?

दमा आटोक्यात असलेले मूल गायनवृंदात जरूर गाऊ शकते. रोजच्या स्टिरॉइड इनहेलरमुळे काहींचा आवाज बसतो. त्यासाठी इनहेलर स्पेसर लावून घ्यावा आणि नंतर चूळ भरावी. आवाजासाठी इनहेलर स्वतःहून बंद करू नका. तातडीचा इनहेलर कार्यक्रमाच्या ठिकाणी सोबत असू द्या आणि शिक्षकांना तो कुठे ठेवला आहे ते सांगा.

मंचावर चक्कर का येते?

बराच वेळ ताठ उभे राहिले की रक्त पायांत साचते. त्यात उपाशी पोट, जाड पोशाख, दिव्यांची धग आणि धास्ती यांची भर पडते. कार्यक्रमाआधी तास-दीड तास हलका आहार आणि पाणी द्या. गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल ठेवायला आणि बुटातल्या बुटात पायाची बोटे हलवायला शिकवा. “गरगरले तर लगेच खाली बस, कोणी रागावणार नाही,” हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

शिक्षकांशी काय बोलावे?

- शिक्षकाच्या गळ्याला सोयीची पट्टी मुलांना सोयीची असेलच असे नाही. लहान मुलांना पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून पुढचे एक सप्तक सहसा झेपते.
- सुरुवातीला पाच-दहा मिनिटे हलके स्वर, मध्ये पाणी आणि विश्रांती असावी.
- स्पीकर मुलांच्या कानाशी नसावा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की मुले नकळत ओरडून गातात.
- शेवटच्या आठवड्यात तालमीचे तास एकदम वाढवू नयेत.

थांबू नका, लगेच दाखवा

- श्वास घेताना आवाज येणे, धाप लागणे किंवा छाती आत ओढली जाणे
- गिळता न येणे, लाळ गळणे
- काही अडकल्यासारखा ठसका लागून मग आवाज बदलणे
- गळ्याला मार लागल्यानंतर आवाज जाणे
- थुंकीतून रक्त येणे

यातले काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. श्वासाचा त्रास असेल तर क्षणभरही थांबू नका.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. चार दिवसांपूर्वी सर्दीने आवाज बसला असेल, तर वीस तारखेपर्यंत तो मोकळा होण्याची चांगली शक्यता आहे. गणपतीपासूनच घोगरा असेल, तर आधी तपासणी करून घ्या. ही वीस तारीख हुकली तरी नाताळ पुढच्या वर्षी पुन्हा येईल आणि तोवर तिचा गळा बरा झालेला असेल.