गडचिरोलीत राज्यशास्त्र शिकताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल लागून मुलाने कला शाखेची वाट धरली म्हणजे आप्तेष्टांकडून त्याला जो उपदेश मिळतो, त्यात राज्यशास्त्र हा विषय सोपा, त्याचा उपयोग पुढारी होण्यापुरता, आणि शिकावयाचाच झाला तर तो पुण्यामुंबईस जाऊन शिकावा, ही तीन विधाने बहुधा एका दमात येतात. आणि ती इतक्या निःशंकपणे केली जातात की, त्यांची छाननी करावी असे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. ही छाननी करण्यास गोंडवाना विद्यापीठाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. नागपूर विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रातून चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून २७ सप्टेंबर २०११ रोजी ते स्थापन झाले, आणि लहान विद्यापीठाच्या बहुतेक अडचणी त्याच्या वाट्यास आल्या आहेत.

राज्यशास्त्र म्हणजे राजकारणाची उमेदवारी, हा पहिला ग्रह फार मुरलेला आहे. वस्तुतः निवडणूक लढविण्यास या विषयाची पदवी लागत नाही आणि या विषयाच्या अभ्यासकास निवडणूक लढवावी लागत नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत १५८ राज्यघटनांचे संकलन झाले होते असे सांगतात, ते सत्ता मिळविण्यासाठी नव्हे, तर सत्तेची निरनिराळी रूपे परस्परांशी ताडून पाहण्यासाठी. आणि हे ताडून पाहणेच या शास्त्राचा कणा आहे. राजकीय सिद्धान्त, भारतीय शासनव्यवस्था, तौलनिक राजकारण, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध अशा शाखांतून पदवीचा विद्यार्थी जातो. कलमांचे क्रमांक पाठ करणे म्हणजे अभ्यास, असे मानणाऱ्यास परीक्षेत गुण मिळतही असतील (बाजारातील ‘गाइडां’चा धंदा त्याच भरवशावर चालतो), पण एखादे कलम घटनेत का घालावे लागले, याचे उत्तर पाठांतरातून निघत नाही.

खरा वाद आहे तो स्थानाविषयी. सत्ता राजधानीत असते, तेव्हा तिचे शास्त्रही राजधानीतच शिकावे, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो, एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी त्याचा जोर ओसरतो. राज्यपाल हे राज्याचे नामधारी प्रमुख, असे पाठ्यपुस्तकात वाचणाऱ्या विद्यार्थ्यास येथे कळते की, संसदेचा अथवा विधिमंडळाचा एखादा कायदा या क्षेत्रास लागू होणार नाही, किंवा फेरबदलांसह लागू होईल, असे अधिसूचनेद्वारे फर्माविण्याचा अधिकार त्याच राज्यपालांस आहे. (तेच त्याच्या विद्यापीठाचे कुलपतीही असतात.) १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांत पंचायतींचा विस्तार करणाऱ्या) या क्षेत्रांत ग्रामसभेस जे स्थान दिले, ते इतरत्र तिला नाही: गावाची व्याख्या महसुली दफ्तरावरून न करता वस्तीवरून व रूढीपरंपरांवरून केलेली असल्यामुळे एखाद्या पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरते.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावास २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबू विकण्याची वेळ आली तेव्हा वनखाते आणि गाव यांच्यात पेच पडला. कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूस वृक्षांत गणले होते, आणि नव्या कायद्याने तोच गौण वनोपजांत घातला होता. २०११ साली वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि तो पेच सुटला. दोन कायद्यांतील विसंगती, खात्याची जुनी वहिवाट आणि लोकांचा नवा हक्क यांचा संघर्ष कसा होतो, हे शिकण्यास याहून चांगला धडा कोणत्या ग्रंथात मिळेल, हे मला ठाऊक नाही. शिवाय या गावातील निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात त्या विषयाची चर्चा होते. रूसोच्या ‘सामूहिक ईहे’वरील व्याख्यान वर्गात ऐकणाऱ्या मुलास ती कल्पना प्रत्यक्षात कोठवर उतरते आणि कोठे अडते, हे बसचे तिकीट काढून पाहता येते.

लहान विद्यापीठाची पदवी कमी प्रतीची, हा समज कायद्यापुढे टिकत नाही. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार कायद्याने स्थापिलेल्या, अभिमत अथवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांसच असतो, आणि त्यांत लहानमोठा असा भेद नाही. परंतु कायद्यातील समानता ही वाचनालयातील समानता नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. पदवीचे बहुतांश शिक्षण संलग्न महाविद्यालयांत होते. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरविते, परीक्षा घेते व पदवी देते. म्हणून प्रवेश घेताना विद्यापीठाच्या नावापेक्षा महाविद्यालयात राज्यशास्त्राची पदे भरलेली आहेत की तासिका तत्त्वावर चालली आहेत, याची चौकशी करणे अधिक शहाणपणाचे आहे. आणि सिरोंच्यासारख्या दूरच्या तालुक्यातील मुलास निवडीला फारसा वाव नसतो, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने झाकता येण्यासारखी नाही.

राज्यशास्त्राची पदवी म्हणजे स्पर्धा परीक्षेतील यशाची हमी, हा समज तर उलट टोकाचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या १,७५० लेखी गुणांपैकी वैकल्पिक विषयाचे ५०० असतात, आणि राज्यशास्त्र हा त्या विषयांपैकी एक असला तरी तो घेण्यास त्याची पदवी असावी लागत नाही. म्हणजे पदवीने या परीक्षेत कोणताही राखीव हक्क मिळत नाही, मिळते ती पूर्वतयारी. कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पत्रकारिता, समाजकार्य, शिक्षकी, आणि पदव्युत्तर पदवीनंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन प्राध्यापकी, या वाटा सर्वांसच खुल्या आहेत. पुढारी होण्याची वाट यांत मी मुद्दाम धरलेली नाही.

राहिला प्रश्न भाषेचा. मराठीतून हे शास्त्र शिकता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी मराठी विश्वकोशातील राज्यशास्त्रविषयक नोंदी वाचलेल्या नसतात. समाज प्रबोधन पत्रिकेतील लेखनाकडे तर त्यांनी पाहिलेलेही नसते. पण संविधान सभेतील चर्चा आणि बहुतांश संशोधन इंग्रजीत आहे, तेव्हा तीन वर्षांत इंग्रजी वाचण्याचा सराव जो करील त्याचाच पुढचा अभ्यास सुकर होईल. साधनांची उणीव मात्र पूर्वीइतकी उरलेली नाही. त्या चर्चा आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात, आणि मतदान केंद्रनिहाय निकाल ज्यात असतो तो नमुना २० निवडणूक यंत्रणा प्रसिद्ध करते. आपल्या गावच्या केंद्रावर दोन निवडणुकांत मते कशी सरकली, हे त्यावरून काढणाऱ्या विद्यार्थ्यास कोणाही राजधानीवासीयापेक्षा एक लाभ अधिक असतो: त्या आकड्यांमागची माणसे त्याच्या ओळखीची असतात.