त्याच वाफ्यात दुसऱ्यांदा

मावळात तळेगावला पॉलिहाऊस आहेत. तिथल्या जरबेरा-कार्नेशनच्या गादीवाफ्यांकडे औषधी वनस्पती लावू पाहणाऱ्याने आधी नीट बघावे. लाल माती बाहेरून आणायची, शेणखत मिसळायचे, लागवडीपूर्वी ती निर्जंतुक करायची आणि मगच रोप लावायचे. ठिबकमधून मोजून मापून खत जात असते, म्हणजे झाड उपाशी राहण्याचा प्रश्नच नाही. तरीही त्याच वाफ्यात तेच पीक पुन्हा घ्यायचे तर माती पुन्हा निर्जंतुक करावी लागते किंवा बदलावी लागते. कित्येकांनी तर मातीचा नादच सोडून कोकोपीटच्या कुंड्या मांडल्या. सफेद मुसळी, आले, हळद, शतावरी यांच्या शेतात दुसऱ्यांदा लावलेले पीक बिघडले की मात्र आपण ‘जमीन दमली’ म्हणतो आणि खताची पोती वाढवतो. हे निदान चुकीचे आहे असे माझे मत आहे. माती दमलेली नसते. तिच्यात त्या पिकावर जगणाऱ्यांची वस्ती वाढलेली असते.

बिघडलेला वाफाच याची साक्ष देतो. अन्नद्रव्य कमी पडले की शेत साधारण सगळीकडे सारखे फिकटते. इथे तसे होत नाही. चार रोपे टवटवीत, पाचवे मलूल, पुढे हातभर जागा रिकामी, आणि ती रिकामी जागा पावसागणिक रुंदावत जाते. मलूल रोप उपटून मुळे धुतली की पांढरी, केसासारखी बारीक मुळे जवळजवळ नसतातच. जाड मुळांची टोके तपकिरी पडलेली असतात, कुठे सूत्रकृमींच्या गाठी, कुठे कंदाला बोट लावताच पाणी. अशा शेताच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश व्यवस्थित निघाले तरी नवल नाही. तो अहवाल या प्रश्नाचा नाहीच. तो मातीतले अन्न मोजतो, खाणारे मोजत नाही.

याची कसोटी सोपी आहे आणि सफरचंदाच्या जुन्या बागांच्या मातीवर ती वारंवार घेतली गेली आहे. जुनी माती वाफेने तापवून तिच्यात रोप लावले की ते जोमाने वाढते. यावर रास्त आक्षेप येतो की माती तापवल्यावर नत्रही मोकळे होते, मग फरक खताचाच कशावरून? म्हणून त्याच तापवलेल्या मातीत न तापवलेली जुनी माती थोडीशी मिसळून पाहतात. खत तेवढेच राहते, पण रोप पुन्हा खुरटते. एवढ्याशा मातीने जर आजार परत येत असेल, तर तिच्यातून वाढणारे, पसरणारे काहीतरी आले असले पाहिजे. मुळांनीच सोडलेल्या रसायनांचाही यात हात असतो. आपल्या शतावरीची परदेशी बहीण, भाजी म्हणून खातात ती अॅस्परॅगस, जुन्या जागी पुन्हा नीट येत नाही. तिच्या मुळांतली आम्ले नव्या रोपाला रोखतात आणि फ्युजेरियम बुरशी त्या दुबळ्या मुळात सहज शिरते. विष की बुरशी हा वाद मला म्हणूनच फारसा उपयोगाचा वाटत नाही. दोघे एकमेकांचे काम सोपे करतात.

औषधी पिकांनाच हे जास्त का छळते? एक तर यांतल्या बऱ्याच पिकांचे मोल जमिनीखाली आहे. भाताच्या मुळाला थोडी इजा झाली तरी लोंबी भरते. मुसळीत मूळ हाच माल असतो. दुसरे, काढणीत तुटलेले तुकडे मातीतच राहतात आणि रोगाला पुढच्या हंगामापर्यंत पोसतात. तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वात दुर्लक्षित आहे: आले, हळद, मुसळी यांचे बेणे मागच्याच पिकातून येते. म्हणजे जुन्या जागी आपण जुना रोग हाताने नेऊन लावतो.

मग जंगलात हीच झाडे पिढ्यानपिढ्या कशी टिकतात, असे विचारले जाते. सफेद मुसळीची जात सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदवली, तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. तिथल्या उतारावर ती गवतात, इतर झाडोऱ्यात विखुरलेली उगवते. वाफ्यासारखी वितीवितीवर, एकाच जातीची, ओळीने उभी नसते. शत्रूला एका रोपाकडून दुसऱ्याकडे जायला तिथे वाटेत परकी मुळे आडवी येतात. मावळातला शेतकरी याहून भक्कम आक्षेप घेईल: आमच्या खाचरात आजोबांच्या काळापासून भातच आहे, त्याला काही होत नाही! बरोबर आहे, पण ते खाचर पावसाळाभर पाण्याखाली असते. हवा तुटलेल्या चिखलात अनेक बुरश्या आणि सूत्रकृमी तग धरत नाहीत. कोरियातले जिनसेंग उत्पादक नेमका याचाच फायदा घेतात. जिनसेंग काढल्यावर त्या जमिनीत काही वर्षे भात लावतात आणि मगच जिनसेंगकडे परततात. कोरड्या जमिनीत त्यांना याहून कितीतरी जास्त वर्षे थांबावे लागते. कंद सडवणाऱ्या पिथियमला मात्र पाण्याची भीती नाही, ते पाण्यातूनच पोहत पसरते. म्हणून भातानंतरही उंच गादीवाफा, निचऱ्याचे चर आणि बाहेरचे निरोगी बेणे यांना सुट्टी नाही.

रसायनाने माती धुऊन काढावी, हा मार्ग आता अरुंद झाला आहे. मिथिल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक ठरले आणि माँट्रिअल करारानुसार शेतीतला त्याचा नेहमीचा वापर विकसनशील देशांनीही २०१५ पर्यंत थांबवायचा होता. त्यापेक्षा ऊन स्वस्त. ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून ती तापवण्याची पद्धत इस्राएलमध्ये काटान यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्याकडचे एप्रिल-मे त्याला पुरेसे आहेत. पण तीही वरच्या वीतभर थरापुरतीच प्रभावी, खोल मुळांना तिचा आधार थोडा. केरळातले आले उत्पादक कर्नाटकात जाऊन नवी जमीन खंडाने घेतात त्यामागे हेही एक मोठे कारण आहे, आणि तो खर्च ते पिकाचाच खर्च धरतात. मावळात एक एकर औषधी वनस्पती लावणाऱ्याने हिशेब तसाच मांडावा: एक एकर पिकाचे, आणि दोन-तीन एकर भाताचे किंवा तागाचे, फिरते. तेवढी जमीन नसेल तर एक एकराऐवजी दहा गुंठेच लावावे.